‘अहार्य’ रस की ‘आहार्य’?

प्रश्न असा आहे : संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकातल्या ‘अद्वैतं सुखदुःखयोः’ या प्रेमावरच्या श्लोकात ‘अहार्य’ वाचायचं की ‘आहार्य’? आणि तिथे ‘कालातीत प्रेम’ असा अर्थ घ्यावा का?

ओळ अशी : ‘विश्रामो हृदयस्य यत्र जरसा यस्मिन्नहार्यो रसः’. वाचायचं ‘अहार्य’च. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत 19 अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. यतीनंतर ‘गा गा ल गा गा ल गा’ (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू अक्षर) असा क्रम असल्यामुळे ‘यस्मिन्न’मधला ‘न’ लघूच हवा. ‘यस्मिन्नाहार्यो’ म्हटलं की वृत्त मोडतं. शिवाय ‘आहार्य’ म्हणजे बाहेरून आणलेलं, नाटकातली वेशभूषा वगैरे. इथे नेमका त्याच्या उलट अर्थ हवा आहे.

‘हृ’ म्हणजे हिरावून नेणं. जे हिरावता येत नाही ते अहार्य. अमरकोशात पर्वतालाही ‘अहार्य’ म्हटलंय, किती समर्पक!

मोठी गफलत होते ती ‘जरसा’पाशी. हा शब्द यतीच्या अलीकडे पडतो, म्हणून वाचणारा तो ‘विश्रामो’ला जोडतो आणि ‘म्हातारपणी हृदयाचा विसावा’ असा अर्थ लावून मोकळा होतो. ‘जरसा’ ही ‘जरा’ शब्दाची तृतीया आहे आणि तिचा अन्वय, म्हणजे वाक्यातला संबंध, पुढे लागतो : ज्यातला रस म्हातारपणालाही हिरावता येत नाही. ‘विश्रामो हृदयस्य यत्र’ हे वाक्य तिथेच संपलं.

आता ‘कालातीत’. हा अर्थ मला मुळीच पटत नाही, कारण पुढचीच ओळ आहे ‘कालेनावरणात्ययात् परिणते यत् स्नेहसारे स्थितम्’. ‘अत्यय’ म्हणजे निघून जाणं. काळ जाईल तशी लाज-संकोचाची आवरणं गळतात आणि स्नेह परिपक्व होऊन त्याचं सार उरतं. (काही प्रतींत ‘प्रेमसारे’ असा पाठ आहे; वृत्त दोन्हींत सांभाळलं जातं.) म्हणजे भवभूतीचं प्रेम काळाच्या बाहेरचं नाही, ते काळानेच पिकवलेलं आहे. ‘अहार्य’साठी ‘अक्षय’ हा शब्दसुद्धा अपुरा पडतो, त्यात हिरावू पाहणारी जरा दिसत नाही. मराठीत ‘वार्धक्यालाही हिरावता न येणारा’ असं सरळ म्हणावं.

प्रसंगही ध्यानात असू द्या. चित्रदर्शनानंतर, म्हणजे आपल्याच आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं पाहिल्यावर, थकून झोपलेली सीता झोपेत बोलते, तेव्हा राम हे म्हणतो. आणि लगेच रामाचा हेर दुर्मुख सीतेविषयीच्या लोकापवादाची बातमी घेऊन येतो.