सुई तिच्या हातात देताना

प्रिय सिस्टर,

(गावात आता सगळे तुला याच नावाने हाक मारणार, म्हणून मीच सुरुवात करते.)

दिंडोरी तालुक्यात नेमणूक झाली, बरं वाटलं. त्वचेखाली स्वतः घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाबद्दल बायकांशी कसं बोलायचं, असं तू विचारलंस. प्रशिक्षणात बराचसा वेळ टोचायच्या पद्धतीवरच गेला म्हणतेस. ती शिकवायला सगळ्यांत सोपी. द्राक्षबागेत दिवसभर कात्री चालवणाऱ्या हाताला एवढीशी सुई लवकर जमते. अडतं ते नंतर, तीन-चार आठवड्यांनी घरी डाग दिसतो आणि विचारायला तू समोर नसतेस तेव्हा. म्हणून बोलताना तो दिवस डोळ्यांपुढे ठेव.

औषध नवं नाही. सरकारी दवाखान्यात 2017 पासून ‘अंतरा’ म्हणून देतो तेच. स्नायूत देतो तेव्हा 150 मिलिग्रॅम, त्वचेखालच्यात 104. दोन्हींचा परिणाम तीन महिने. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वतः टोचून घेण्याची स्पष्ट शिफारस केली. तुझ्याकडे तिने स्वतः घ्यायचं की तू द्यायचं, हे आरोग्य केंद्राला आलेल्या सूचनेप्रमाणे कर. बोलायचं मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

पाळीबद्दल आधी बोल, सुई नंतर दाखव. पहिले काही महिने अंगावरून मधूनमधून जाईल, डाग लागतील, तारखेचा मेळ बसणार नाही. पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. ‘काही नाही होत’ म्हणून हे उडवून लावू नकोस. तिला तर बरंच काही होतं: ऐन गौरींच्या दिवसांत डाग लागला की ती बाजूला बसते, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा बसली की सासू विचारते. पाळीच आली नाही तर ‘दिवस गेले का?’ म्हणून विचारते. घरात कोण काय विचारेल आणि ती काय सांगेल, हे तिच्याकडूनच बोलून घे. उत्तर तिच्या तोंडचं असू दे, तुझं पाठ केलेलं नको.

‘रक्त पोटात साठतं’ ही भीती हमखास निघते. हसू नकोस. गर्भाशयाचं अस्तर जाड होत नाही, म्हणून बाहेर पडायला काही उरतच नाही, एवढं सांग. बहुतेकींना ते पटतं. मात्र नेहमीच्या दुप्पट जाऊ लागलं किंवा आठ दिवसांवर थांबलं नाही, तर तारखेची वाट न बघता केंद्रावर यायचं.

एक गोष्ट लपवू नकोस. एकदा टोचलं की औषध परत काढता येत नाही, तीन महिने ते अंगात राहणार. आणि सोडल्यावर मूल राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनापासून सरासरी दहा महिने. ‘पुढच्या वर्षी दुसरं हवंय’ म्हणणारीला कंडोम, गोळ्या, तांबीही दाखव. केंद्राचा आकडा बिघडला तर बिघडू दे.

नवऱ्याला सांगायचं का, हे ती ठरवेल. पण सांगणार नसेल तर कार्ड, सुई, तारीख ठेवायची कुठे, हे तिच्याशी बोल. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी एक बारीक ठिपका कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ती नवऱ्याबरोबर आली असेल तर वजन घ्यायच्या निमित्ताने आत बोलव. दोन मिनिटं एकटीला विचारायला तेवढी पुरतात.

रक्तदाब बघितल्याशिवाय देऊ नकोस, 160/100 किंवा त्याहून वर असेल तर हे नको. कारण न कळलेला रक्तस्राव किंवा स्तनाचा कर्करोग असेल तरी नको. अंगावर पाजणारीला बाळ सहा आठवड्यांचं झालं की चालतं. गुप्तरोग, एचआयव्ही यांपासून यानं संरक्षण मिळत नाही, तिथे कंडोमच.

आता सुई. सरावाला कंडोममध्ये मीठ भरून गाठ मार, चिमटीत धरायला बरी पडते. आधी अर्धा मिनिट जोरात हलवायचं. मग झाकण आणि नळी एकमेकांवर दाबायची, मधली फट पूर्ण बुजेपर्यंत. इथे बायका हात आखडता घेतात आणि मग औषधच येत नाही, तेवढं लक्ष ठेव. मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा बेंबी सोडून पोटावर त्वचा चिमटीत धरायची, सुई खाली राहील अशी सरळ आत घालायची, औषधाचा फुगा हळूहळू दाबायचा, पाच ते सात सेकंद. चोळायचं नाही. तू मात्र हात मागे बांधून उभी राहा. मधेच ‘आण इकडे’ म्हणालीस तर घरी ती एकटी टोचणार नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत, आणि बरणी तुझ्याकडे परत.

नवी सुई फ्रिजमध्ये ठेवायची नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याखालचं घर तापतं, तेव्हा चुलीपासून आणि पत्र्यापासून लांब, घरातल्या थंडगार कोपऱ्यात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

तारखेचं सगळ्यांत महत्त्वाचं. सुरगाणा, पेठ भागातल्या बायका द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला खाली येतात, मग मण्यांची कामं, तोडणी, आणि थेट मार्चमध्ये परततात. ऑक्टोबरात घेतलं की पुढचं जानेवारीत, म्हणजे ती नेमकी निफाडच्या कुठल्यातरी बागेत. दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं, चार आठवडे उशीर झाला तरी चालतं, हे तिला स्पष्ट सांग. त्याहून उशीर झाला तर कंडोम, आणि पुढचं टोचण्याआधी जवळच्या केंद्रावर. हातात सुई असण्याचा खरा उपयोग हिलाच. मलावीतल्या एका अभ्यासात (2018) घरी टोचणाऱ्यांपैकी 73 टक्के बायका वर्षभर टिकल्या, आरोग्य कर्मचाऱ्याकडून घेणाऱ्यांपैकी 45. आपल्या बागांमधली मजूर बाई बघितली की मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

तुझ्या रजिस्टरला एक कोरा रकाना आखून घे. किती जणींनी घेतलं ते वरचे विचारतीलच. त्या रकान्यात लिही, कोण काय विचारायला परत आली आणि कोण घेणं बंद करायला आली, कशामुळे. पावसाळ्याआधी मी तिकडे येणार आहे, तेव्हा आधी तोच बघेन.

तुझी,
मोठी सिस्टर
नाशिक