केळीच्या धंद्यात एआय घेतोस, तर एवढं ऐक

भाऊ, सावद्यात केळीच्या गाड्या भरायला लागलास, त्यात भावाचा अंदाज देणारं एआय घेतलंस, चांगलं केलंस. पण सकाळी मोबाइल उघडण्याआधी आपला अंदाज वहीत लिहीत जा. एकदा स्क्रीनवरचा आकडा दिसला की डोकं त्याच्याच भोवती फिरतं, बागेतला घड समोर असूनही. माझंच तसं झालं होतं. आकडा बऱ्हाणपूरच्या जुन्या भावांवरून आलेला. रावेर-यावलकडे पावसाळ्यात सीएमव्ही (केळीवरचा विषाणूजन्य रोग) पसरलाय, हे एआयला कुणी सांगितलंच नव्हतं. मुनीम मात्र म्हणे, कॉम्प्युटर चुकत नाही! (हाच मुनीम आधी कॅल्क्युलेटरची बेरीजही बोटांवर तपासायचा.)

आणि शेतकऱ्यांना उत्तरं द्यायला व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटबॉट लावशील, तर ते यंत्र आहे हे पहिल्याच ओळीत सांग. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञानं एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम मांडला, समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत देणारा. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत. आपल्याकडचा माणूस तर मुलीच्या लग्नाचंही सांगेल. शेतकऱ्याचे पैसे आपल्याकडे थकले असतील तेव्हा चॅटबॉट बंद ठेव, स्वतः फोन कर.