एकोणतीस आणि मागच्या बाकावरच्या बाई

अनुभवी शिक्षकाला प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, की ते केवळ वेतनश्रेणीसाठी असते, असे आपण विचारले आहे. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ श्रेणीचे आणि २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचे, अशी दोन्ही प्रशिक्षणे मी पूर्ण केली. त्यांतून प्रमाणपत्रे मिळाली आणि पगार वाढला. माझ्या शिकवण्यात फरक पडला तो मात्र एका तासामुळे, आणि त्या तासाची सेवापुस्तकात नोंद नाही.

अक्कलकोट तालुक्यातील एका मराठी शाळेत मी दुसरीला शिकवीत होतो. निम्म्याहून अधिक मुले घरी कानडी बोलत. ‘एकोणतीस’ म्हटले की ती ३९ लिहीत, आणि मी त्याला निष्काळजीपणा समजून वर्षानुवर्षे तीच उजळणी घोकून घेत राहिलो. एकदा शाळेतील कानडी मातृभाषेच्या बाई सहज मागच्या बाकावर येऊन बसल्या. मधल्या सुटीत म्हणाल्या, “सर, आमच्यात २९ ला ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि नऊ. तुमच्या शब्दात पोरांना ‘तीस’ ऐकू येतं.” दुसऱ्या दिवसापासून मी आधी कानडी शब्द, मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, आणि शेवटी मराठी शब्द असा क्रम धरला. पुढे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ आले आणि राज्यभर टिंगल झाली, तेव्हा मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

आठवड्यातून एक तास आम्हाला एकमेकांच्या वर्गात बसू द्यावे, अशी विनंती मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांना केली होती. “स्वतःचा वर्ग मोकळा सोडून दुसऱ्याचा वर्ग काय बघायचा?” असे म्हणून त्यांनी ती धुडकावली. वास्तविक बैठकीला कोणी गेले की आम्ही दोन वर्ग एकत्र बसवीतच होतो. बैठकीसाठी चालणारी सोय शिकण्यासाठी चालत नाही, हे तर्कशास्त्र मला आजही उमगलेले नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यांतले दहा तास सहकाऱ्याच्या वर्गातले धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात डाएटची (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची) सारीच प्रशिक्षणे वाया गेली असे नाही, आणि मागे बसणारा दोषच टिपू लागला तर हा तास म्हणजे दुसरी तपासणी होईल. दोनशिक्षकी शाळेत हे अवघड आहे, हेही मान्य. आमच्या शाळेत मात्र आम्ही सहा जण होतो.