टाकी, सीट आणि झोप : सुपरबाईकवर लांबचा पल्ला मारणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : दादा, माझ्याकडं कावासाकीची सुपरबाईक झेडएक्स-१०आर आहे. आजवर रविवारी सकाळी आंबोली, नाहीतर पन्हाळा एवढंच केलंय. आता २४ तासांत एक हजार मैलवाली राईड करायची डोक्यात आहे. आधी फुल सिस्टिम एग्झॉस्ट टाकून रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करून घेऊ का? मित्र म्हणतात असली गाडी टूरिंगला चालतच नाही, विकून ॲडव्हेंचर घे.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, गाडी विकू नकोस आणि एग्झॉस्टचे पैसे पण खिशातच ठेव, ते दुसरीकडं लागणारेत. आधी गणित बघ. एक हजार मैल म्हणजे १६०९ किलोमीटर, अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनच्या सॅडलसोर राईडचा हिशोब हाच. भागिले २४, म्हणजे थांबे धरून ताशी ६७. आपल्याकडं चारपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा ८० ची, त्यात गाडी चालू असतानाचा ॲव्हरेज ७५ पडला तर साडेएकवीस तास सीटवर आणि थांबायला उरले फक्त अडीच. तुझी टाकी १७ लिटरची, मायलेज १५ चं धर, तळातलं दोन-तीन लिटर राखून ठेवलं की दर २०० किलोमीटरला पंप आला, म्हणजे आठ थांबे. प्रत्येक थांब्याला २५ मिनिटं घालवलीस तर तीन तास वीस मिनिटं गेली, राईड बोंबलली. तेच १० मिनिटांत उरकलंस तर ८० मिनिटांत सगळे थांबे होतात आणि वर सव्वा तास उरतो, त्याचं काय करायचं ते खाली सांगतोच. या सगळ्या हिशोबात दोनशेच्या आसपासची हॉर्सपॉवर कुठं आली सांग? पॉवर तुझ्याकडं आधीच गरजेच्या कितीतरी पट आहे, कमी पडणार आहे ती तुझी पाठ, मनगटं आणि मान, त्यामुळं खर्च तिथं करायचा.

पहिला खर्च सीटचा. सुपरस्पोर्टची सीट पुढं उतरती असते, तासाभरात तू घसरत टाकीला चिकटतोस, मग अंग मागं ढकलायला हातावर जोर देतोस आणि मनगटं गेली. कुशनवाल्याला नुसता फोम वाढव म्हणू नकोस, बसायची जागा सपाट कर आणि मागच्या बाजूला रुंद कर म्हण. फोम घट्ट पाहिजे, दुकानात बसल्यावर मऊमऊ वाटणारी सीट तिसऱ्या तासाला खाली टेकते. जेल पॅड उन्हात तापतं, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते नकोच. आणि सीट झाल्या झाल्या लांब जाऊ नकोस, कागलपर्यंत नाही तर निपाणीपर्यंत जाऊन ये, जिथं टोचतंय तिथं खूण कर, परत जा त्याच्याकडं. चांगला कारागीर दोन-तीन वेळा दुरुस्त करून देतो, त्याचं वाईट वाटून घेत नाही.

दुसरं हँडल. क्लिप-ऑन, म्हणजे स्पोर्टबाईकच्या दोन सुट्या मुठी, वर घेणारे रायझर मिळतात, दोन-तीन सेंटिमीटरनं पण खांद्यावरचा भार लक्षात येण्याइतका उतरतो. आता आपण कोल्हापूरकर, उद्यमनगरात गेलं की पाहिजे तो पार्ट संध्याकाळपर्यंत तयार, हे मला माहितीये आणि त्याचा अभिमान पण आहे. बॅगेचं ब्रॅकेट, लाईटची पट्टी, बिनधास्त करून घे. पण हँडलचा पार्ट ओतकामाचा चालणार नाही, ओतकामात आत पोकळी राहिली तर वरून दिसत नाही आणि तो तुकडा तुटला तर हातात काहीच राहत नाही. नामांकित कंपनीचा मशिन्ड, म्हणजे अखंड ठोकळ्यातनं कापलेला ॲल्युमिनियमचा घे. बसवल्यावर गाडी सेंटर करून हँडल डावीकडं फुल लॉक, उजवीकडं फुल लॉक फिरव आणि तीन गोष्टी बघ: ब्रेकचा होज ताणला जातोय का, वायरिंग कुठं चिमटतंय का, आणि टाकी-फेअरिंग आणि मूठ यांच्यामध्ये बोटं अडकतायत का. ग्लोव्हज घालून बघ, नुसत्या हातानं बघितलेलं कळत नाही. होज ताणला जात असेल तर लांब होज लागेल, तिथं तडजोड नाही.

बाकी भराभर सांगतो. डबल बबल, म्हणजे उंच फुगवट्याची विंडस्क्रीन टाक, छातीवरचा वारा कमी होतो, पण वारा थेट हेल्मेटवर येऊन डोकं हलायला लागलं तर ती उंची तुझ्यासाठी चुकीची, दुसरी बघ. कानात इअरप्लग घाल, हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो आणि दिवसभर तो आवाज खाल्ला की माणूस निम्मा तिथंच थकतो. टायर स्पोर्ट-टूरिंगचे घे, तुझ्या १९०/५५ मापात मिळतात, मध्ये कडक आणि कडेला मऊ कंपाउंड असतं, ट्रॅकवाला मऊ टायर सरळ हायवेवर मधोमध चपटा होतो. सामान मागं उंच रचू नकोस, जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, मागच्या सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये बघ, आणि सामान वाढलं की मागचा प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगचा ताण) वाढव. २०२१ नंतरचं मॉडेल असेल तर क्रूझ कंट्रोल आहे, वापर की ते, उजव्या हाताला तेवढीच सुट्टी. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दातांनी लहान केलं तर आरपीएम पाचेक टक्क्यांनी उतरतो, इंजिन शांत चालतं, पण ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्पीडोमीटरवर काय फरक पडतो ते बसवायच्या आधी विचार.

प्रश्न : साहेब, टाकी छोटी म्हणून मागच्या सीटवर पाच-सात लिटरची जादा टाकी बसवायचा विचार आहे. परदेशात करतात असं बघितलं.
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तिकडं करतात हे खरंय, आयर्न बट रॅलीत त्यासाठी नियम ठरवून दिलेत, एकूण पेट्रोल साडेअकरा अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण साडेत्रेचाळीस लिटरच्या वर न्यायचं नाही. पण आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टानं पण २०१९ ला हेच धरलंय. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला बोट तिथंच ठेवणार. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गरज काय? पुणे-बेंगळुरू हायवेला पंपांची कमी नाही, दोनशे किलोमीटरला उतरून पाय मोकळे करणं शरीराला तसंही लागतंच. फक्त एक धरून चाला, ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं जुना मायलेजचा आकडा डोक्यात ठेवून रिझर्व्हवर ताणू नका, एकदा नवीन टाकी टू टाकी मोजा.

प्रश्न : दादा, माझी सहाशे सीसीची चार सिलिंडर स्पोर्टबाईक आहे. बेळगावच्या पुढं गेलं की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, घरी आल्यावर पण थोडा वेळ राहतात.
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : ताई, हीच दोन बोटं म्हणजे बहुतेक अल्नर नर्व्ह दबतेय. ती तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं जाते, आणि पुढं वाकलेल्या गाडीवर सगळा भार नेमका तिथंच येतो, त्यात वर बारीक व्हायब्रेशन. तुम्ही मांड्यांनी टाकी धरता का बघा, टाकीच्या बाजूला ग्रिप पॅड चिकटवून घ्या, भार पोट-पाठीच्या स्नायूंवर आला पाहिजे, हातांनी फक्त गाडी वळवायची. कोपरं ताठ नकोत. लिव्हर थोडे खाली फिरवा, मनगट सरळ रेषेत येईल. बार-एंडला, म्हणजे हँडलच्या टोकाला लावायचे जड वेट मिळतात त्यानं व्हायब्रेशन कमी होतं, आणि मूठ आवळून धरायची सवय असेल तर ती मोडा, दर पंपाला हात झटकून बोटं मोकळी करा. एवढं करून पण मुंग्या राहिल्या, किंवा हातातनं वस्तू निसटायला लागली, तर गाडी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, नर्व्हच्या दुखण्याला उशीर करू नका.

प्रश्न : रात्री दोन-तीनला डोळे मिटायला लागतात. एनर्जी ड्रिंक घेऊन चालवलं तर चालतं का?
— वाचक, कागल

उत्तर : नाही. पहाटे दोन ते पाच शरीर झोपच मागतं, ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडी कुणीच चालवत नाही. कॉफीचा परिणाम यायला अर्धा तास जातो, म्हणून कॉफी पिऊन लगेच उजेडातल्या, माणसं असलेल्या पंपावर हेल्मेट काढून वीस मिनिटं आडवं व्हायचं, अलार्म लावून. वर राजारामपुरीच्या वाचकाला सव्वा तास उरतो म्हटलं ना, तो ह्याच्यासाठी. तेवढ्यानं तरतरी आली नाही तर राईड तिथं संपली, लॉजवर झोपा, सकाळी घरी या. आदल्या दिवशी पूर्ण झोप झाली नसेल तर निघूच नका. मला विचाराल तर पहिल्यांदा बेंगळुरूला एका दिवसात जाऊन दुसऱ्या दिवशी परत या, १६०९ त्याच्यानंतर.

प्रश्न : कोल्हापुरातनं सुरुवात करून १६०० कसे बसवायचे? रूट सांगा.
— वाचक, कदमवाडी

उत्तर : पुणे जाऊन-येऊन साधारण ४६०, बेंगळुरू जाऊन-येऊन बाराशेच्या वर, दोन्ही मिळून काम होतं. मुंबईकडं वाढवायचा विचार सोडा, एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. आधी पुणे करा, परत येताना घर वाटेवरच पडतं, अंग साथ देत नसेल तर तावडे हॉटेलला आत वळायची सोय आहे. सातारा ते कागल सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन आहेत, ती उजेडात पार करा. पावसाळ्यात नकोच, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं सगळ्यांना आठवत असेल. उसाच्या हंगामात रात्री खरी भीती जोडट्रॉलीची, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर आणि ट्रॅक्टर चालतोय पंधरा-वीसच्या वेगानं. अंधारात आधी दिसतं ते रस्त्यावर सांडलेलं उसाचं पाचट, ते दिसलं की लगेच वेग कमी करा, पुढं ट्रॉली असणार. जादा लाईट लावायचेच तर रिले आणि वेगळा फ्यूज टाकून, खाली झुकवून.

आयर्न बटकडं ऑफिशियल नोंद करायची असेल तर सुरुवात, शेवट आणि जिथनं मागं वळता त्या प्रत्येक टोकाला पेट्रोलचं छापील बिल लागतं, त्यावर तारीख, वेळ आणि गाव बरोबर आलंय का ते पंपावरच वाचा, बऱ्याच मशिनचं घड्याळ चुकीचं असतं. तो कागद उन्हानं पांढरा पडतो, म्हणून बिल आणि ओडोमीटर एकाच फोटोत घ्या, मगच पंपावरनं हला.