१९९१ चा सर्वोत्तम रॉक अल्बम कोणता? माझा निवाडा आणि त्यामागची कारणं

लातूरच्या आपल्या एका मित्राचा प्रश्न असा: "दादा, मेटालिकाचा काळा अल्बम एवढा खपला, तरी १९९१ चा विषय निघाला की निर्वानाचा 'नेव्हरमाइंड'च पहिला का? एकदाचं सांगून टाका, त्या वर्षीचा बेस्ट कोणता?" त्यावर परभणीकरांनी पर्ल जॅमची बाजू लावून धरली, संभाजीनगरच्या दोघांनी गन्स अँड रोझेसची. शेवटी एकानं लिहिलं, ज्याला जे आवडतं ते त्याच्यासाठी बेस्ट, वाद कशाला घालता.

हे शेवटचं मत मला अजिबात पटत नाही. आवड ज्याची त्याची असते हे कबूल, पण "वर्षातला सर्वोत्तम" म्हटलं की आपण निवाडा देत असतो, आणि निवाड्याला कारणं द्यावी लागतात. कारणं दिली की वाद होणारच, आणि तो व्हावा. अशाच भांडणांतून मी अर्धा रॉक ऐकायला शिकलो.

आधी खपाचं बघू, कारण मूळ प्रश्न तिथूनच आलाय. काळा अल्बम (खरं नाव 'मेटालिका'च, कव्हर काळं म्हणून हे टोपणनाव) ऑगस्ट १९९१ चा. अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती गेल्या, आणि साउंडस्कॅनची मोजणी सुरू झाल्यापासून तिथं त्याच्याइतका दुसरा कुठलाच अल्बम खपला नाही. पण ही मोजणीच त्या वर्षीची नवी गोष्ट होती. त्याआधी अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाची खपाची यादी दुकानदारांना फोन करून, काय चांगलं जातंय ते विचारून बनायची. मे १९९१ पासून काउंटरवर बारकोड वाचून जमा झालेले खरे आकडे धरायला लागले. लगेच चित्र पालटलं. हेवी मेटल, रॅप, कंट्री हे प्रकार दुकानदार सांगत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त खपत होते हे उघड झालं. जूनमध्ये स्किड रोचा अल्बम पहिल्याच आठवड्यात पहिल्या नंबरवर, ऑगस्टमध्ये मेटालिका तसाच, सप्टेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचे दोन अल्बम एकाच दिवशी बाजारात आले आणि थेट पहिल्या-दुसऱ्या जागेवर जाऊन बसले. म्हणजे १९९१ चे आकडे बघून "तेव्हा अचानक लोक मेटल ऐकायला लागले" असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धवट आहे. ऐकत आधीपासून होते, मोजलं तेव्हा गेलं. खप खोटा नाही, पण तो ऐकणारे किती होते ते सांगतो. अल्बम किती चांगला होता हे त्यातून कळत नाही.

पुरस्कारांबद्दल फार लिहीत नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी नॅटली कोलला गेलं, तो रॉक अल्बम नव्हताच. इंग्लंडमध्ये पहिलंच मर्क्युरी प्राइझ प्रायमल स्क्रीमच्या 'स्क्रीमाडेलिका'ला मिळालं. 'स्पिन' मासिकानं १९९१ चा सर्वोत्तम म्हणून टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' निवडला, 'नेव्हरमाइंड' त्याच्या खाली. 'रोलिंग स्टोन'नं तर 'नेव्हरमाइंड'ला पाचपैकी तीनच तारे दिले होते. आज त्याच मासिकाच्या सार्वकालिक याद्यांत तो बराच वर असतो.

त्यातून वर्ष कुठलं धरायचं हाही घोळ असतो. ग्रॅमीचं वर्ष तेव्हा ऑक्टोबर ते सप्टेंबर असायचं. यू टू या बँडचा 'आख्तुंग बेबी' नोव्हेंबर १९९१ मध्ये आला, म्हणून तो पुढच्या वर्षीच्या शर्यतीत गेला आणि एरिक क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड'समोर हरला. याहून गमतीचं उदाहरण 'लंडन कॉलिंग'चं. द क्लॅशचा हा अल्बम इंग्लंडमध्ये डिसेंबर १९७९ ला आला, अमेरिकेत जानेवारी १९८० ला, आणि 'रोलिंग स्टोन'नं त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं! तारखेच्या अशा फरकामुळं चांगला अल्बम भलत्याच वर्षाच्या रांगेत उभा राहतो किंवा मासिकांच्या वर्षअखेरच्या याद्यांतून निसटतो. म्हणून मी मूळ देशातली पहिली तारीख धरतो.

आता 'नेव्हरमाइंड'चं. तो दरवेळी वर का? कारण त्याच्यानंतर बाजार बदलला. कंपनीनं अमेरिकेत पहिल्या खेपेला ४६ हजारांच्या आसपास प्रती पाठवल्या होत्या, म्हणजे त्यांनाही अंदाज नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या जागेवरून खाली उतरवलं. त्यानंतर मोठ्या कंपन्या सिएटलच्या, म्हणजे निर्वानाच्या भागातल्या, बँडच्या मागं धावल्या, केस फुगवलेला ऐंशीचा रॉक मागं पडला. हा परिणाम प्रचंड आहे आणि इतिहास लिहिणाऱ्यानं तो लिहायलाच हवा. पण परिणाम अल्बम आल्यानंतर घडतो. त्यात व्हिडिओ असतो, वेळ असते, आधीच्या पिढीचा कंटाळा असतो. १९९१ चा सगळ्यात परिणामकारक अल्बम 'नेव्हरमाइंड', यावर माझी सही घ्या. सर्वोत्तम हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

त्यासाठी माझी कसोटी एकच: तो अल्बम म्हणून, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत, ठरवलेल्या क्रमानं, उभा राहतो का? आणि इथं आपल्या मराठवाड्याची एक अडचण आहे, जी मुंबई-पुण्याच्या मंडळींना सहसा लक्षात येत नाही.

आपल्याकडं ही गाणी तुकड्यातुकड्यानं आली. केबल आली तेव्हा स्टार टीव्हीवरचा एमटीव्ही, १९९४ पासून त्या जागी चॅनल व्ही. त्यावर व्हिडिओ निघालेली तीन-चार गाणी दिसायची, बाकीचा अल्बम अस्तित्वातच नसल्यासारखा. ज्यांना पुरा अल्बम पाहिजे ते अजिंठा एक्स्प्रेस पकडून हैदराबादहून कॅसेट आणायचे, नाहीतर कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून घ्यायचे. कॅसेटमध्ये निदान क्रम शाबूत होता, कारण पुढं ढकलायचा कंटाळा यायचा. तो क्रम मोडला एमपीथ्री सीडीनं. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी, आणि प्लेअर ती फाइलच्या नावाप्रमाणं, म्हणजे ए-बी-सी-डीनुसार वाजवायचा. नांदेडच्या हॉस्टेलांवर, जालन्याच्या सायबर कॅफेत, बीडच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्डावर, सगळीकडं हेच.

याचा परिणाम काय झाला तो नीट बघा. 'नेव्हरमाइंड' ए-बी-सी-डीनं लावला तर तो 'ब्रीड'नं सुरू होतो आणि 'टेरिटोरियल पिसिंग्ज'च्या आरडाओरड्यात संपतो. मुळात तो संपतो 'समथिंग इन द वे'वर. ते गाणं रेकॉर्ड होताना निर्वानाचा गायक कर्ट कोबेन कंट्रोल रूममधल्या सोफ्यावर पडून, नीट सुरात नसलेल्या पाच तारांच्या गिटारवर, जवळजवळ पुटपुटत गायला. निर्माता बुच विगनं तो आवाज पकडण्यासाठी एसी बंद केला, फोन बंद केला. जवळपास सगळी गाणी किंचाळून झाल्यावर माणूस असा खाली बसतो, यात त्या अल्बमचा अर्थ आहे. फाइलच्या यादीत हे गाणं दहाव्या नंबरवर, दोन दणदणीत गाण्यांच्या मधे कोंबलेलं. 'आख्तुंग बेबी'ची तर साफ उलटापालट होते. त्याचं पहिलं गाणं 'झू स्टेशन' सगळ्यात शेवटी जातं, आणि शेवटून दुसरं 'अॅक्रोबॅट' सगळ्यात आधी येतं. नारदीय कीर्तनात बुवांनी आधी उत्तररंगातलं आख्यान उरकून शेवटी नमन लावलं तर पैठणचा श्रोता उठून जाईल. आपल्याकडच्या कित्येकांनी हे अल्बम तसेच ऐकलेत आणि त्यावरून मत बनवलंय. "यू टूमध्ये दम नाही" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, कुठल्या क्रमानं ऐकलास?

माझं उत्तर 'आख्तुंग बेबी' हेच आहे.

१९८७ च्या 'द जोशुआ ट्री'नं या बँडला जगात सगळं मिळवून दिलं होतं, ग्रॅमीसकट. तोच आवाज पुन्हा वाजवला असता तरी पुढची दहा वर्षं आरामात गेली असती. ऑक्टोबर १९९० मध्ये, जर्मनी एक झाली त्याच दिवसांत, ते बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. तिथं गाणी जमेनात, बँड फुटायची वेळ आली, आणि 'वन' हे गाणं वाजवता वाजवता सापडलं तेव्हा गाडी रुळावर आली. डॅनिएल लानुआ आणि ब्रायन इनो या निर्मात्यांसोबत पुढचं काम डब्लिनला झालं. पण ही कहाणी माहीत नसली तरी चालेल, नुसतं 'झू स्टेशन' लावा. आधी गिटारचा फाटका, खरखरीत तुकडा. मग पत्र्यावर पडावेत तसे ड्रम, आणि सगळ्यात शेवटी गायक बोनोचा गळा, तोही स्पीकर फुटल्यासारखा. कॅसेटच्या जमान्यात पहिल्यांदा ऐकणारा हमखास टेपचं हेड पुसायला उठायचा. ज्या माणसाचा आवाज स्टेडियम भरून टाकायचा, त्यानं पहिल्याच मिनिटाला तो आवाज विद्रूप करून समोर ठेवला. तिथून अल्बम हळूहळू उतरत जातो. सुरुवातीला रोषणाई आणि मस्ती, मधे मत्सर, फसवणूक, आणि शेवटची तीन गाणी पूर्ण अंधारातली. 'लव्ह इज ब्लाइंडनेस'मधला गिटारवादक एजचा सोलो ऐकताना तार तुटेल असं वाटतं. या क्रमातलं एक गाणं हलवून बघा, पुढचं लंगडं होतं. पंचावन्न मिनिटांत भरीचं असं मला काही सापडत नाही.

'नेव्हरमाइंड'मध्ये एकेक गाणं घट्ट आहे, पण 'लाउंज अॅक्ट' आणि 'स्टे अवे' यांच्या जागा बदलल्या तर काय फरक पडतो? मला तरी फार नाही. काळ्या अल्बमचा पूर्वार्ध बिनतोड आहे, निर्माता बॉब रॉकनं ड्रमचा जो आवाज पकडला तो आजही छातीत बसतो, मायकल कामेनची वाद्यवृंदाची साथ कुठंही भपका करत नाही. पण उत्तरार्धात तेच तेच वळण येतं आणि ६२ मिनिटं जाणवतात. गन्स अँड रोझेसवाल्यांनी राग मानू नये: दोन सीडी मिळून अडीच तासांचा ऐवज, त्यातून निवडून एकच अल्बम काढला असता तर आज मी कदाचित वेगळं लिहिलं असतं. सीडीवर जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असं नव्हतं.

परभणीकरांचा, म्हणजे पर्ल जॅमचा, 'टेन' मी गांभीर्यानं घेतो. त्याला क्रमाची जाण आहे. सुरुवातीला आणि शेवटी एकच धूसर तुकडा वाजतो, त्यामुळं वर्तुळ पुरं होतं. टिम पामरनं इंग्लंडमध्ये मिक्सिंग करताना 'ओशन्स'साठी मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं सिलिंडर वाजवलं, अल्बमवर तशी नोंदही आहे. पण त्या मिक्समध्ये रिव्हर्बचा, म्हणजे आवाज घुमवण्याचा, इतका मारा आहे की पुढं बँडलाच तो खटकला, आणि २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनकडून सगळा अल्बम नव्यानं मिक्स झाला. १९९१ चा निवाडा करताना १९९१ चं मिक्सच धरावं लागेल, म्हणून तिसरा. दुसरा माझ्या लेखी माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस', जो फोनच्या स्पीकरवर ऐकूच नका. चांगले इअरफोन नसतील तर कुणाचे तरी उसने घ्या. चौथा 'नेव्हरमाइंड', पाचवा मेटालिका.

लातूरच्या मित्रा, तुला पटलं नाही तर जरूर भांड, पण शफल बंद करून. लातूर-संभाजीनगर एसटीत बसलास तर पाचही अल्बम ओळीनं होतात.

एक मागणीही आहे. आपण सदानकदा अमेरिका-इंग्लंडच्या वर्षांवर भांडतो, पण आपल्याकडची २००८ ची लढत कुणी काढत नाही. त्या एका वर्षात केरळमधूनच दोन अल्बम आले: मदरजेनचा 'मक्तूब', ज्यात बैजू धर्मजनची गिटार कर्नाटकी गमक घेते, आणि अवियलचा 'अवियल', सगळा मल्याळममध्ये. इंडियन ओशनचा 'कंदिसा' २००० चा, त्याचा निकाल माझ्या मनात कधीच लागलाय, त्या वर्षी देशात त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं. २००८ ला मात्र चुरस आहे. माझं मत 'अवियल'ला, कारण भाषा कळत नसताना तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि 'मक्तूब' मधे दोनदा रेंगाळतो. 'मक्तूब'ची बाजू घेणाऱ्यांनी कुठली दोन गाणी मी चुकीची ऐकतोय ते नावानिशी लिहावं.