पत्रपेटी: तारेतला करंट, गेंड्याचं शिंग आणि कपाटातला गणपती

मागच्या वेळी हत्तींच्या बाजूने चार ओळी लिहिल्या तर पत्रांचा पाऊस पडला. दोघातिघांनी चक्क शिव्या घातल्यात, "तुमच्या बागेत येऊदे मग बोला" म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलंय असं मला वाटत नाही. चार पत्रं घेतोय, थोडी छाटून, प्रत्येकाखाली माझं उत्तर.

मी नोकरीला मुंबईत, आईबाबा गावी, दोडामार्ग तालुक्यात. "हत्ती इलो रे" अशी हाक आली की बाबा रात्रभर टॉर्च आणि फटाके घेऊन बाहेर. गेल्या महिन्यात एका रात्रीत अकरा माड आणि केळीची अख्खी रांग गेली. शेजारचे म्हणतायत कुंपणाला लाइट सोडा, एकदा बसला झटका की परत येणार नाय. बाबांचं मन त्या बाजूला झुकलंय. काय सांगू त्यांना?

आज रात्रीच फोन करा आणि सांगा, बाबा नको. कायद्याचं नंतर बोलू (हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, मारला तर तीन ते सात वर्षं आत), आधी हे सांगा की त्या तारेवर पहिला कोण पडेल ते हत्तीला विचारून ठरत नाही. पहाटे गुरं सोडायला आलेला शेजारी पडतो, अंधारात मोटर चालू करायला गेलेले स्वतः बाबा पडतात. घरातला २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो, ओल्या मातीत उभा असलेला जीव त्याला चिकटतो तो सुटत नाही.

लोक झटका मशीन आणि हा घरातला करंट एकच समजतात, तिथेच घोळ होतो. झटका मशीनचा, म्हणजे सोलर कुंपणाचा व्होल्टेज हजारोंमध्ये असतो पण मशीन सेकंदाला एखादा ठोका देतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारा. दणका जबरदस्त बसतो, जीव जात नाही. थेट आकडा टाकलेल्या तारेत ती सोयच नाही. २०२४ मध्ये सरकारने संसदेत आकडे दिले होते, आधीच्या पाच वर्षांत देशात अनैसर्गिक कारणांनी ५२८ हत्ती मेले, त्यातले ३९२ विजेच्या धक्क्याने, ७३ रेल्वेखाली, आणि शिकारीत ५०. शिकाऱ्याच्या बंदुकीपेक्षा आपल्या तारा कितीतरी जास्त हत्ती मारतात, आणि त्यातल्या बऱ्याच तारा डुकरासाठी लावलेल्या असतात. दुसरी बाजूही तितकीच खरी, २०१९ ते २०२३ मध्ये हत्तींमुळे २,८५३ माणसं गेली. तुमच्याच तालुक्यात मोर्ल्याला एप्रिल २०२५ मध्ये एक वयस्कर शेतकरी गेले, तेव्हा लोकांचा राग काय होता ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

मी तिलारीच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या बागेत दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो होतो. केळ आडवी करून मधोमध चिरलेली, आतला पांढरा गाभा तेवढा खाल्लेला, पानं तशीच. माडाला कपाळ लावून रेटत रेटत मुळं उचकटलेली आणि शेंड्याचा कोंब गायब. पावलांच्या खड्ड्यात पाणी साठलेलं, एकेक परातीएवढा. मालक काही बोलत नव्हते, नुसते कवाथे, म्हणजे कोवळे माड, मोजत फिरत होते. माड धरायला सहा-सात वर्षं जातात हो, एका हंगामाचं नुकसान नाहीये ते.

मग करायचं काय? फटाक्यांचा उपयोग पहिले काही दिवस होतो, नंतर हत्तीला सवय होते, किंवा तो चिडतो आणि चिडलेला हत्ती अंधारात जास्त धोक्याचा. मिरचीचा धूर चालतो पण वारा फिरला की आपणच खोकत बसतो. हत्ती मधमाश्यांना टाळतो म्हणून कडेने त्यांच्या पेट्या लावायचं सध्या फार चाललंय, केनियात त्याचा फायदा झालाय, २०२१ मध्ये कर्नाटकात कोडगूतही पेट्या लावल्या होत्या, पण कोकणातल्या पावसात आणि रात्रीच्या वेळी माश्या पेटीतच बसून राहणार, त्यामुळे मी तरी त्या भरवशावर झोपणार नाही. सोलर कुंपण चांगलं, पण एकेकट्याने आपापल्या बागेभोवती लावलं की हत्ती शेजाऱ्याकडे वळतो, वाडी मिळून एकच लांब लाइन हवी, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तारेवरचं गवत कापणारा माणूस हवा. नाहीतर गवत टेकलं की करंट जमिनीत, आणि हत्तीला ते बरोब्बर कळतं. सुळ्यातून करंट जात नाही हेही तो शिकतो, सुळ्याने तार तोडतो. म्हणून आता वरून लोंबणाऱ्या तारांची कुंपणं आलीत, त्यात ढकलायला खांब हाताशी लागत नाही.

मला सगळ्यात पटलेला उपाय मात्र कुंपणाचा नाहीये. तमिळनाडूत वालपराईला, चहाच्या मळ्यांमध्ये, हत्ती कुठे आहेत याचा मेसेज संध्याकाळी लोकांच्या फोनवर जातो, टीव्हीवर खाली पट्टी येते, आणि मोक्याच्या जागी लाल दिवे आहेत जे गावातलाच माणूस मोबाइलवरून पेटवतो. दिवा लाल म्हणजे त्या वाटेने जायचं नाही, बस्स. माणसं तिथे मरत होती ती अंधारात अचानक समोरासमोर आल्यामुळे, आणि ते प्रमाण खूप खाली आलं. तुमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, गुड मॉर्निंग थोडं कमी करून हे करता येईल.

"पकडून न्या" हे सगळे म्हणतात. कर्नाटकातून २००२ मध्ये हत्ती दोडामार्गात उतरले, २०१५ मध्ये कुमकी, म्हणजे शिकवलेले पाळीव हत्ती आणून माणगाव खोऱ्यातून तीन पकडले, त्यातले सगळे जगले नाहीत, आणि मागून दुसरे आलेच. वाट तीच आहे ना.

आणि पंचनामा. आडवा झालेला माड हलवायच्या आधी फोटो काढा, माणूस शेजारी उभा करून, आणि अर्ज दुसऱ्याच दिवशी टाका. मी एका अर्जामागे एका ऑफिसात पाच खेपा घातल्यात, दर वेळी नवीनच कागद हवा असायचा, त्यामुळे बाबांचा वैताग मला समजतो. माझं मत विचाराल तर भरपाई पंधरा दिवसांत खात्यावर पडली असती तर आकडा टाकायचा विचार निम्म्या लोकांच्या डोक्यात आलाच नसता.

आम्ही दिवाळीत काझीरंगा बघून आलो. गेंडे शिंगासाठी मारतात तर सरकार सगळ्यांची शिंगं कापूनच का टाकत नाही? आफ्रिकेत करतात म्हणे. (नववीतली वाचक, पुणे)

करतात, आणि उपयोगही होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्याच्या आसपासच्या राखीव जंगलांचा अभ्यास २०२५ मध्ये आला, शिंगं कापलेल्या ठिकाणी शिकार ७८ टक्क्यांनी कमी झाली. शिंग म्हणजे केराटिन, तुझ्या नखात असतं तेच, त्यामुळे नीट कापलं तर दुखत नाही, पण नखासारखंच परत वाढतं, म्हणजे दर एक-दोन वर्षांनी पुन्हा बेशुद्ध करा, पुन्हा कापा. आणि मागे राहिलेल्या खुंटासाठीसुद्धा मारणारे आहेत.

आता तू जे बघितलंस ते आठव. जीपपेक्षा उंच गवत, मध्ये बील, म्हणजे तळी आणि दलदल. तिथे २०२२ च्या मोजणीत २,६१३ गेंडे होते. इंजेक्शन मारलेला गेंडा पाण्यात जाऊन पडला तर बुडूनच मरायचा. म्हणून आसामने माणसं उभी केली. जंगलात दोनशेवर चौक्या, खांबांवर उभ्या, रात्री गस्त, आणि चांदणं पडलं की जास्तच, कारण शिकाऱ्याला टॉर्च लावायला लागत नाही. २०१३ आणि २०१४ मध्ये एकट्या काझीरंगात वर्षाला २७ गेंडे मारले होते, २०२२ मध्ये अख्ख्या आसामात एकही नाही. हे फुकट झालेलं नाही, गार्डना गोळीबारासाठी जे कायद्याचं संरक्षण दिलंय त्यावर भरपूर टीका झालीय आणि माझ्या मते ती व्हायलाच हवी, गस्तीत गावातलाच निरपराध माणूस सापडला तर काय, हा प्रश्न खरा आहे. २०२१ च्या २२ सप्टेंबरला काझीरंगाजवळच्या बोकाखात गावी सरकारने जपून ठेवलेली २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली, हे औषध नाही हे सांगायला. तरी व्हिएतनाम, चीनकडे गिऱ्हाईक आहे तोवर चौकीतल्या माणसाला झोप नाही.

आजोबा गेल्यावर कपाटात हस्तिदंताचा छोटा गणपती सापडला. पूजेत ठेवू का? नातेवाईक म्हणतात विकून टाक, चांगले पैसे येतील.

विकायचं नाव काढू नका. भारतीय हत्तीच्या दातांचा व्यापार देशात १९८६ पासून बंद आहे, जुनं असो की नवं. वारशाने आलेली वस्तू मिळाल्यापासून नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवायची असते. आजोबांच्या कागदांत मालकीचं सर्टिफिकेट आहे का ते आधी बघा, नसेल तर वकिलाला घेऊन वन विभागात जा, लपवून ठेवू नका. आणि ऑनलाइन फोटो टाकून "किती येतील?" असं विचारू नका हो, एकाने खरंच विचारलं होतं.

गडचिरोलीत आमच्याकडे कळप आला की घरं फोडतो. आम्ही तर काही त्रास देत नाही. मग घरावर राग का?

राग नाही, वास. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप आला तेव्हापासून ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसतेय, मातीच्या भिंतीमागे तांदूळ किंवा मोहफुलं असली की सोंडेला ते बाहेरूनच कळतं. वेचलेला मोह आणि धान्य गावातल्या एका पक्क्या खोलीत एकत्र ठेवायची सोय ग्रामपंचायतीकडे मागा, निदान कळप जवळ असेल तेवढे दिवस. पहाटे मोह वेचायला जाताना एकट्याने जाऊ नका आणि आधी थोडा आवाज करत जा, म्हणजे त्यांना तुम्ही येताय ते कळतं. आणि कळप दिसला की मोबाइल घेऊन मागे धावणारी जी पोरं आहेत त्यांना घरीच अडवा, पिल्लू असलेली हत्तीण वळली तर ती पोरांपेक्षा जोरात पळते.