फाईल तयार आहे, पण पाठवत नाही

प्रश्न : ताई, मी डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत काम करते. काही वर्षांपासून दिवाळी अंकांत माझ्या कथा येतात. गेल्या वर्षी एका कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि एका प्रकाशकांनी कथासंग्रह मागितला. कथा निवडून, तपासून तयार आहेत, पण चवथ होऊन गेली तरी ईमेल पाठवलेली नाही. कथा नाकारल्या जातील ही भीती नाही. पुस्तक चांगलं निघेल आणि लोक वाचतील, याचीच धास्ती आहे. बक्षिसाच्या कथेतली नणंद घराच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांमधल्या मालमत्तेच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, आपला हिस्सा सोडायला तयार नसते. माझी स्वतःची नणंद म्हापशाला असते. ऑफिसात आत्ताच ‘आल्या लेखिकाबाई’ सुरू झालं आहे. आणि पुढची कथा एवढी जमली नाही तर? टोपणनाव घेऊ का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : टोपणनाव घेऊ नका. २०११च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, आणि त्यातली मराठी कथा वाचणारी माणसं एकमेकांना ओळखतात. सकाळी पुस्तक आलं की संध्याकाळपर्यंत नाव फुटेल. मग लिहिलं म्हणून आणि लपवलं म्हणून, असं दोनदा ऐकून घ्यावं लागेल.

आता धास्तीकडे येऊ. तिला तुम्ही मनाचा दुबळेपणा समजता आहात, असं पत्रावरून वाटलं. मला ते पटत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅटिना हॉर्नर या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने विद्यार्थिनींना एका गोष्टीची सुरुवात दिली : अ‍ॅन वैद्यकीय महाविद्यालयात पहिली आली आहे, पुढे लिहा. जवळजवळ ६५ टक्के मुलींनी पुढे वाईटच लिहिलं. अ‍ॅन एकटी पडली, मैत्रिणी तुटल्या, असं. मुलग्यांना जॉनची गोष्ट दिली होती, त्यांच्यात असं लिहिणारे दहा टक्क्यांहून कमी निघाले. बायका यशाला भितात, असा निष्कर्ष गाजला. पण पुढे १९७०च्या दशकात इतरांनी मुलग्यांनाही अ‍ॅनचीच गोष्ट दिली, तेव्हा त्यांनीसुद्धा तिच्या वाट्याला वाईटच लिहिलं. म्हणजे पुढे गेलेल्या बाईला लोक कसं वागवतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुम्हालाही ते ठाऊक आहे, ऑफिसात रोज ऐकता आहात. ही माहिती खरी आहे. तिच्याशी भांडू नका, ती हाताशी धरून पुढची तयारी करा.

सगळ्यात अवघड आहे ती नणंदेची गोष्ट, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. कथेतून इन्व्हेंटरी काढू नका. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मुलीला माहेरच्या मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा आहे. तरी सही करताना तिने ‘भावासाठी’ तो सोडावा, अशी अपेक्षा घराघरात असते. तुमच्या कथेचा प्राण तिथेच आहे आणि ती इथल्याच बाईला लिहिता आली असती. बाकीचं खुशाल बदला : गाव, नोकरी, मुलांची संख्या, बोलण्याची लकब. दोन-तीन ओळखीच्या बायका मिळून एक पात्र करा. एवढं करूनही एखादी दूरची काकी, जी कथेत कुठेच नाही, ती रुसेल. तिचं ओझं घेऊ नका. नणंदेचं मात्र घ्या. पुस्तक छापायला जाण्याआधी म्हापशाला जा, कथा तिच्या हातात द्या आणि तिला आपल्यासमोर वाचू द्या. परवानगी मागायला जाऊ नका, तिला ती बाहेरच्या कुणाकडून कळू नये म्हणून जा. तुमच्या कथेतली नणंद माघार घेत नाही आणि लेखिका तिच्या बाजूने उभी आहे. खऱ्या नणंदेला हे वाचून काय वाटेल, ते तुम्ही आधीच ठरवून टाकलं आहे, असं मला वाटतं.

पुढची कथा कमी जमेल का? जमेलही. मी एका दैनिकाची रविवार पुरवणी बरीच वर्षं सांभाळली. बक्षीस मिळाल्यावर लिहायचे थांबलेले लेखक त्यात पाहिले आणि मला त्याचं फार वाईट वाटे. बहुतेकांचा वेळ सत्कारांनी खाल्ला. शाळेचं स्नेहसंमेलन, वाचनालयाचा वर्धापनदिन, जत्रेतल्या नाटकाआधीचं दीपप्रज्वलन, कुणाच्या तरी कवितासंग्रहाला प्रस्तावना. नाही म्हणायला जीभ वळत नाही आणि लिहायची वेळ हातची जाते. या बाबतीत तुमची धास्ती शहाणी आहे. तुम्ही लिहिता ती वेळ घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, आणि पुस्तक येण्याआधी नव्या कथेची चार पानं तरी लिहून ठेवा. चांगली नसली तरी चालतील.

ऑफिसातल्या ‘लेखिकाबाई’चं फार मनावर घेऊ नका. पुस्तक आलं की त्यातलेच काही जण विकत घेऊन सही मागतील.

फाईल पाठवण्याआधी मात्र प्रकाशकांशी स्पष्ट बोला. प्रती किती काढणार, लेखिकेला किती देणार, मानधन कसं, हे विचारा आणि करार लेखी घ्या. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात, तेव्हा मुदत तुम्हीच लिहून घ्या. नाटक, मालिका, भाषांतर यांचे हक्क स्वतःकडे ठेवा. हे विचारण्यासाठी त्यांना लिहावंच लागणार आहे, तर त्याच ईमेलला कथा जोडा.